परडीभर पाणी आणि आठ खोल्या

गावाचं नाव सांगणार नाही. सांगितलं तर तुम्ही सुट्टीत निघाल आणि तिथली खोल्यांची तूट आणखी वाढेल. ती तूट भरून काढायलाच मला पाठवलं होतं. मी ती कशी भरली हे कळल्यापासून आमचे साहेब माझ्याशी कामापुरतंच बोलतात. तेव्हा एवढ्यावर भागवा, की गाव वेंगुर्ल्याच्या बाजूला आहे, समोर समुद्र आहे, मागे डोंगर आहे आणि मधे मी तोंडावर पडलो ती जागा आहे.

सोलापूरहून निघताना

आमचं ऑफिस लहान. मोजणी करायची, नकाशे काढायचे, आराखडे बांधून द्यायचे. मी तिथे तीस वर्षं आहे. खोल्या मोजण्यात गायकवाडांचा हात धरणारा जिल्ह्यात कोणी नाही, असा एक समज आहे. तो मीच पसरवलेला आहे. पंढरपूरचे लॉज, अक्कलकोटची भक्तनिवासं, तुळजापूरच्या धर्मशाळा, सगळीकडच्या खाटा मी मोजल्या आहेत. त्या अनुभवावर मी स्वतः एक छापील नमुना तयार केला. खोल्या किती, खाटा किती, संडास किती, गाड्या लावायला जागा किती, मोबाईलला रेंज आहे का. एका पानात घर बसतं.

साहेबांनी बोलावून सांगितलं, "गायकवाड, समुद्रकाठी सीझनला लोक गाडीत झोपायला लागलेत. खोल्या पुरत नाहीत. सध्या एका गावातल्या एका घरापासून सुरुवात करा. त्या घरामागं किती खोल्या वाढवता येतील, ते लिहून आणा. पुढची गावं त्यावरून ठरवू."

मी म्हटलं, "चार दिवसांत आणतो."

वय सत्तावन्न, गुडघे त्याहून मोठे, आणि एप्रिलचा मधला आठवडा. नको म्हणायला हवं होतं. पण मी समुद्र आयुष्यात दोनदाच पाहिला होता, आणि दोन्ही वेळा ऑफिसच्या सहलीत, घाईघाईत. बायकोनं, आमच्या सुनंदाबाईंनी, तर एकदाही पाहिलेला नाही. "तुम्ही बघून या, मग मला न्या," असं म्हणून तिनं शेंगाचटणीची बरणी आणि कडक भाकऱ्यांचा गठ्ठा बांधून दिला.

माझ्याबरोबर सिद्धाराम. आमचा टेप धरणारा, गाडी चालवणारा आणि माझ्या प्रत्येक चुकीचा साक्षीदार. अक्कलकोटकडचा, चाळिशीचा, घरी कन्नड बोलणारा, बाहेर खरं बोलणारा. नमुन्यांचा गठ्ठा गाडीत टाकताना त्यानं विचारलं, "सर, ह्यात पाण्याचा रकाना न्हाय की."

हे मला इथे कबूल करायलाच हवं. त्यानं विचारलं होतं. मी हसलो. म्हटलं, "सिद्धाराम, आपण समुद्राच्या काठावर चाललोय. तिथं पाऊस किती पडतो माहीत आहे का? आपल्याकडं चार वर्षांत पडतो तेवढा तिकडं एका आठवड्यात. त्यांना जाऊन पाणी आहे का विचारायचं? हसतील बे लोक."

ज्या माणसाच्या घरात नळाला चार-पाच दिवसांआड पाणी येतं, ज्याच्या मोरीत, जिन्याखाली आणि पलंगाखालीही भरलेली भांडी असतात, त्या माणसानं हे वाक्य उच्चारलं. पुढे जे झालं ते या वाक्याचं व्याज.

पहिला दिवस: खोल्या आणि फुल्या

आंबोलीच्या घाटात झाडं सुरू झाली तेव्हा सिद्धाराम हरखून गेला. घाट उतरल्यावर शर्टाची बटणं काढायला लागला. मीही. सोलापूरचं ऊन कसं असतं, तोंडावर थापड मारतं, पण मारून बाजूला होतं. घाम यायच्या आत वाळतो. इथलं ऊन गळ्यात हात टाकून बसलं. बनियन अंगाला चिकटलं ते चार दिवसांनी सोलापुरातच सुटलं.

ज्या घरी उतरलो ते माईंचं. माई साठीच्या पुढच्या, लहानखुऱ्या, कमरेला पदर खोचलेला. नवरा गेल्यावर त्यांनी घराच्या बाजूला तीन खोल्या बांधून पाहुणे ठेवायला सुरुवात केली. घरामागं सुपारीची बाग. तिकडे झाडांना पोफळी म्हणतात. सरळसोट, बारीक, एकमेकींच्या खांद्याला खांदा लावून उभ्या. बागेच्या कडेला विहीर, तिला म्हणतात बाव.

"खंयसून इलात?" माईंनी विचारलं.

"सोलापूरहून."

"बापरे! बसा, आधी पाणी घेवा."

तांब्याभर पाणी आणि गुळाचा खडा. मी चार भांडी प्यालो. ते पाणी अजून जिभेवर आहे. आमच्याकडे पाण्याला चव म्हणून नसते, पिंपाचा वास असतो. हे पाणी नारळ फोडून त्यात विहीर ओतल्यासारखं लागलं. मी सिद्धारामकडे बघून भुवया उडवल्या. बघ, म्हटलं, ह्यांना पाण्याचं विचारणार होतास.

दुपारी जेवायला तिरफळ घातलेला बांगडा, उकड्या तांदळाचा भात आणि सोलकढी. सिद्धाराम मासा खात नाही. माईंनी विचारलं, "सुका खातलात?" त्याला वाटलं सुकी भाजी. हो म्हणाला आणि समोर सुकटीची किसमूर, म्हणजे सुक्या मासळीची कोशिंबीरच, आली. त्यानं ताट असं सरकवलं की ते माझ्या ताटाला येऊन धडकलं. मग माईंनी त्याला फणसाची भाजी दिली. आमची शेंगाचटणी मात्र माईंना भलतीच आवडली. त्यांनी ती भातावर घेतली, पोळीबरोबर घेतली, शेवटी नुसतीच हातावर घेतली.

संध्याकाळी नमुना भरायला बसलो. खोल्या तीन, खाटा सहा. जागा भरपूर. मी बागेत फिरलो, पावलं टाकली, आणि पंढरपूर मोजलेल्या माणसाच्या रुबाबात सांगितलं, "माई, इथं आठ खोल्या आरामात बसतात. एका ओळीत. समोर लांब व्हरांडा. सीझनला एक रिकामी राहणार नाही."

माई थबकल्या. "आठ?"

"कमीत कमी."

त्या ओट्यावर टेकल्या. मग म्हणाल्या, "माझो झील गोंयात हॉटेलात आसा. उदय. अकरा वर्षां झाली. म्हणता, तीन खोल्यांत दोन माणसांचा पोट भरना नाय. आठ खोल्यो झाल्यो तर झील घराक येतलो." पदरानं तोंड पुसलं. "पोफळी तोडूच्यो लागतील मां?"

"वीसेक," मी म्हटलं.

"तोडूया."

असं त्या पटकन म्हणाल्या, पण बघत होत्या बागेकडे. मला काय, मला आराखडा दिसत होता. सिद्धारामकडून चुना मागवला आणि तोडायच्या झाडांवर पांढऱ्या फुल्या मारून घेतल्या. माईंनी तिथूनच उदयला फोन लावला. "सोलापूरचे सायब इलेत. आठ म्हणतत." मी सायब नाही, पण त्या वेळी दुरुस्ती करावीशी वाटली नाही.

दुसरा दिवस: पाणी आलं!

पहाटे पाचच्या सुमाराला मला मोटरचा आवाज आला.

आता तुम्ही नळाला रोज पाणी येणाऱ्या गावातले असाल तर तुम्हाला हे समजायचं नाही. मोटरचा आवाज माझ्या कानात जात नाही, पायात जातो. मी कुठे आहे, कोणाच्या घरी आहे, काही आठवायच्या आत मी उभा होतो आणि सिद्धारामला हलवत होतो. "ऊठ बे, पाणी आलं!"

तोही तसाच. अर्धवट झोपेत बादली उचलून नळाखाली. पुढचा अर्धा तास आम्ही दोघं जे वागलो त्याची आठवण झाली की अजून मान खाली जाते. आमच्या खोलीतल्या दोन बादल्या भरल्या. मग शेजारच्या दोन रिकाम्या खोल्यांतल्या चार. मग मागचं निळं पिंप. मग माईंनी फुलझाडं लावायला आणून ठेवलेले रंगाचे रिकामे डबे, सहा. मग घमेलं. शेवटी मागच्या पडवीतली दगडी डोण. पूर्वी गुरं असताना त्यांना पाणी पाजायची, चांगली माणूस झोपेल एवढी.

डबे भरता भरता मोटर बंद पडली. नळाची धार बारीक झाली. आमच्या गल्लीत अशा वेळी काय होतं? मोटर ट्रिप होते आणि ज्याचा पाय हलका तो पळत जाऊन बटण दाबतो. मी पळालो. विहिरीजवळ पेटी होती, हिरवं बटण दाबलं. मोटर घरघरली. माई कुठे दिसल्या नाहीत. म्हटलं, बाई एकटी, आपली तेवढीच मदत. डोण काठोकाठ भरली तेव्हा पूर्ण जाग आली, आणि आपण कोकणात आहोत हे आठवलं. आम्ही एकमेकांकडे न बघता पुन्हा जाऊन झोपलो.

मोटर बंद करायची राहिली.

माई देवळात गेल्या होत्या. परतल्या तेव्हा सात वाजून गेले होते. त्यांनी धावत जाऊन मोटर बंद केली, ते मी खिडकीतून पाहिलं. पाहिलं आणि पांघरूण तोंडावर ओढलं. खोटं कशाला सांगू.

साडेसातला चहा आला. फाटलेला. दुधाचे गोळे वर, खाली पिवळं पाणी. माईंनी कप परत नेला, दुसरा चहा ठेवला, तोही फाटला. मग त्यांनी माठातलं नव्हे, नळाचं पाणी ओंजळीत घेऊन तोंडात घातलं. आणि विहिरीच्या काठावर जाऊन उभ्या राहिल्या.

"काय झालं, माई?" मी निरागसपणे विचारलं.

"पाणी खारा झाला. मे संपासर असा कधी होना नाय."

"भरतीचा परिणाम असेल," मी म्हटलं. समुद्र दोनदा पाहिलेला मी, समुद्राकाठी जन्मलेल्या बाईला भरती समजावत होतो. "अमावास्या जवळ आहे का बघा."

माईंनी माझ्याकडे पाहिलं आणि त्या मागच्या पडवीत गेल्या. तिथून आवाज आला, "ह्यां काय?"

मी गेलो. बादल्या, पिंप, घमेलं, रंगाचे डबे, डोण, सगळं काठोकाठ. सकाळचं कोवळं ऊन त्यात पडलेलं. देखावा सुंदर होता.

सिद्धारामनं माझी सुटका केली. त्याच्या पद्धतीनं. "सरांनी भरलं वो माई. मोटरबी सरांनीच लावली. आमच्याकडं चार-पाच दिवसाला पाणी येतंय. आवाज आला की आमाला ऱ्हावत न्हाय."

मला वाटलं, आता चपला घाला म्हणतील. माई डोणीच्या काठावर बसल्या. आधी खांदे हलले. मला वाटलं रडतायत. मग हसू फुटलं, ते काही केल्या थांबेना. "अगे आवशी! माझ्या रंगाच्या डब्यांत!" डोळे पुसले, आणि पुसता पुसता हसू विरून गेलं.

"दोन दिस बावीक हात लावचो नाय," त्या म्हणाल्या.

मग त्यांनी समजावलं. ओट्यावर बोटानं विहीर काढून. वर पावसाचं गोडं पाणी, त्याच्या खाली समुद्राचं खारं. गोडं खाऱ्यावर तरंगत असतं. हळू काढलं तर गोडं वर राहतं. ओढून घेतलं की खालचं वर येतं. म्हणून त्यांची मोटर सकाळी एकदाच, संध्याकाळी एकदाच.

"किती वेळ?" मी पहिल्यांदाच कामाचा प्रश्न विचारला.

माईंनी देव्हाऱ्यापुढची वेताची परडी दाखवली. "मोटर लावतंय आणि फुलां काढूक जातंय. परडी भरली की मोटर बंद. सासूनं घालून दिलेला. तेव्हा मोटर नव्हती, रहाट होतो. तेव्हाय परडीच." म्हणजे पहाटे मोटर बंद पडली नव्हती, परडी भरली होती.

"आणि पाहुणे जास्त आले तर?"

"परडी तेवडीच आसा." मग त्यांनी माझ्या नमुन्याकडे बोट केलं. कागद ओट्यावरच पडला होता. "तुमच्या ह्या कागदात पाण्याचो रकानो खंय आसा?"

सिद्धाराम खोकला. मुद्दाम.

चव

चूक झाली की माझं एक ठरलेलं असतं. आधी लपवायची, मग दुसऱ्यावर ढकलायची, आणि दोन्ही जमलं नाही तर तिचा अहवाल लिहायचा. डोणीपाशी उभा असताना डोक्यात आलं, की आपण भांडी एका क्रमानं भरली आहेत.

"सिद्धाराम, पहिली कुठली भरली?"

"आपली लाल बादली."

"चव घे."

"गोड हाय."

मग क्रमानं निघालो. मी एक घोट, तो एक घोट. बादल्या सगळ्या गोड. पिंप गोड. पहिला डबा, दुसरा डबा, गोड. तिसऱ्याला सिद्धारामनं जीभ टाळ्याला लावून धरली. "हितं जरा काय तरी हाय." चौथ्यापासून मलाही लागलं. डोणीचा घोट घेतला आणि आम्ही दोघंही पडवीच्या बाहेर जाऊन थुंकलो. माई मागून बघत होत्या. त्यांनाही चाखायला लावलं. त्यांचं बोट दुसऱ्या डब्यावरच थांबलं. त्यांची जीभ आमच्याहून तयार.

छपरावरच्या टाकीत आधी किती होतं ते धरलं, भांडी मोजली. विहीर एका सकाळी न रागावता किती देते, ते माप आमच्यासमोर पडवीत ओळीनं मांडून ठेवलेलं होतं. तीस वर्षांच्या नोकरीतली ही माझी सर्वांत अचूक मोजणी, आणि ती मी झोपेत केली.

माणसाला दिवसाला किती पाणी लागतं हे आम्हा सोलापूरकरांना पुस्तकात बघावं लागत नाही. हिशेब बोटावर झाला. माई, बागेला थोडं, आणि तीन खोल्या. बस्स. चौथ्या खोलीतला पाहुणा आंघोळीला बसला की डोणीचं पाणी नळाला येणार. आठ खोल्यांचा प्रश्नच नव्हता. बाग तोडली तर पावसाचं मुरणारं पाणीही जायचं, ते वेगळंच.

मी कागदावर आकडा लिहिला आणि बागेकडे पाहिलं. वीस झाडांवर माझ्या फुल्या. आणि शनिवारी उदय येणार होता.

ते दोन दिवस प्यायचं पाणी वरच्या वाडीतल्या विहिरीवरून आणायचं होतं. दगडी पायऱ्यांची वाट, तिला पाखाडी म्हणतात. कळशी घेऊन ती मी दिवसातून चार वेळा चढलो-उतरलो. माई नको म्हणत होत्या, सिद्धारामही म्हणत होता. मीच हट्टाला पेटलो. तिसऱ्या खेपेला पायरीवर बसलो तेव्हा खाली सगळा समुद्र दिसत होता. निळा, लखलखीत, डोळ्यांत मावेना एवढा. त्याच्याकडे बघत मी मांडीवरची कळशी दोन्ही हातांनी घट्ट धरून बसलो होतो. इतका दमलो होतो की समुद्र आवडला की नाही हेही ठरवता येईना.

शनिवार

उदय दुपारी मोटरसायकलवर आला. पस्तिशीचा, इस्त्रीचा शर्ट, हॉटेलात राहून बोलण्यात एक गुळगुळीतपणा आलेला. आल्याबरोबर माझ्या पाया पडायला वाकला. मी दोन पावलं मागे सरलो.

"काका, तुमी आठ म्हटलात आणि माका रात्री झोप नाय. मॅनेजराक सांगून इलंय, पुढचो महिनो शेवटचो."

माई माझ्याकडे बघत नव्हत्या. ओट्यावर नारळ खोवत बसल्या होत्या. सांगायचं मलाच होतं.

"उदय, आठ होत नाहीत," मी म्हटलं. "तीन आहेत तेवढ्याच ठीक."

"परवा आठ, आज तीन?"

"परवा मी पाणी धरलं नव्हतं."

त्यानं ऐकून घेतलं. बादल्यांची गोष्ट ऐकतानाही हसला नाही, आणि त्याचं बरोबरच होतं. मग म्हणाला, "टँकर आणूया. हॉटेलवाले आणतत, आमीय आणू. पाण्यासाठी कोण खोल्यो सोडता?"

आता टँकर हा विषय माझा. त्यात मला कोणी शिकवू नये. मी म्हटलं, "टँकर येतो ना, तेव्हा बरा वाटतो. येत नाही तेव्हा काय होतं ते ऐक. आमच्या लेकीच्या साखरपुड्याला टँकर सांगितला होता. सकाळी येणार होता. पाहुणे आले, आचारी आला, टँकर नाही. मी नव्या धोतरात गल्लीच्या तोंडाशी उभा. व्याही विचारतायत, कोणाची वाट बघताय? मी म्हणतोय, आमच्या मामांची. दुपारी टँकर आला तेव्हा व्याही हात जोडून पुढं झाले, की मामा आले."

माई खुदकन हसल्या. उदय नाही.

"तुमच्याकडे नाय म्हणून तुमी आणतात," तो म्हणाला. "आमच्याकडे आसा."

"आहे म्हणूनच सांगतोय," मी म्हटलं. "आमची विहीर गेली तेव्हा आम्हाला कोणी सांगितलं नाही. बोअर मारला, आणखी खोल मारला. आता घराला सगळं आहे, वाय-फायसुद्धा आहे, आणि बायको पलंगाखाली पाणी साठवते. तुझ्या आईच्या विहिरीचं पाणी मी पहिल्या दिवशी चार भांडी प्यालो. तसं पाणी परत आणायचा टँकर कुठं मिळत नाही, बाबा."

तो उठला. बागेत गेला. फुली मारलेल्या एका झाडाला हात लावून उभा राहिला. "अकरा वर्षां," एवढंच म्हणाला. आमच्याकडे पाठ होती.

सिद्धारामनं हळूच विचारलं, "सर, सहा लिहिलं तर?" त्याला कधी नव्हे ती दया आली होती. खरं सांगतो, माझा हात कागदाकडे गेला होता. सहा लिहिलं असतं तर साहेब खूश, उदय खूश, मी गाडीत बसून निघून गेलो असतो आणि चार दिवसांनी कोणालाही आठवलो नसतो.

माई उठल्या. आत जाऊन पेला घेऊन आल्या, डोणीत बुडवला आणि बागेत जाऊन उदयपुढे धरला.

"पी."

"आवशी..."

"पी म्हणतंय मां."

त्यानं एक घोट घेतला. तोंड वाकडं झालं.

"ह्या पाण्याची चाय पावण्यांका देतलंस? आणि माका?"

उदयनं उरलेला पेला पोफळीच्या मुळात ओतायला हात उचलला. मग थांबला, कुंपणाबाहेर जाऊन वाळूत ओतला. खारं पाणी झाडाला घालायचं नसतं, हे अकरा वर्षं हॉटेलात राहूनही तो विसरला नव्हता. परत येताना माझ्याजवळ थांबून म्हणाला, "तीन लिवा."

संध्याकाळी त्यानं ओट्यावर उभं राहून मॅनेजरला फोन केला. हिंदीत बोलला. "सर, वो जो मैंने बोला था, वो रहने दो." माई आत होत्या, भांडी जरा जोरात आपटत होत्या. मला त्या क्षणी कुठल्याही गाडीत बसून निघून जावंसं वाटलं, पण गाडी तिथं आमची एकच होती आणि ती चालवणारा सिद्धाराम झोपला होता.

परत

रविवारी निघायच्या वेळी माईंनी विहिरीतून दोरीनं एक तांब्या काढला, आधी स्वतः चाखला, मग मला दिला. गोड. त्यांनी मान हलवली. सोबत आमसुलं दिली आणि रिकामी बरणी परत दिली नाही. "चटणी भरून पाठवा, मग बरणीचा बघूया," म्हणाल्या. मी फुल्या पुसायला ओला फडका घेतला होता. माईंनी तो हातातून काढून घेतला. "फुल्यांसाठी पाणी घालवूचा नाय. ऱ्हवांदे."

ऑफिसात साहेबांनी नमुना पाहिला. पाण्याचा रकाना मी पेनानं सगळ्यात वर आखला होता. शेवटच्या ओळीत, नव्या खोल्या: शून्य.

"गायकवाड, तूट भरायला पाठवलं होतं तुम्हाला."

"भरली, साहेब. डोणीसकट भरली."

ते हसले नाहीत. "मागणीचं काय करायचं मग? लोक तर येणारच."

"थोडे कमी येतील, साहेब. नाहीतर आळीपाळीनं येतील. आपल्याकडं पाणी येतं तसं."

पुढच्या गावांसाठी नमुना नव्यानं छापला गेला. त्यात पाण्याचा रकाना आहे. मोबाईलच्या रेंजच्या खाली, शेवटी, बारीक अक्षरात. पण आहे. पुढच्या गावांना मला पाठवलं नाही.

मे महिना लागला. सोलापुरात पंख्यातून वाफ यायला लागली. सुनंदाला मी समुद्राचं इतकं वर्णन केलं होतं, की ती एक दिवस पाणी भरता भरता म्हणाली, "अहो, ते बघून आलात, आता मला कधी नेताय? तुमची ओळख आहे की तिथं. दोन दिवस चला."

मला काय, तेवढाच भाव खायला मिळाला. मी ऐटीत फोन लावला, स्पीकरवर.

"माई, सोलापूरचे गायकवाड. दोन दिवसांसाठी एक खोली पाहिजे. घरच्यांना आणतोय."

"खोली नाय," माई म्हणाल्या. "पावस पडासर तिनांव भरलेल्यो."

"असं कसं, माई? कुठंतरी करा की. ओट्यावर पडू आम्ही."

"ओट्यावर झोपलात तरी आंघोळ करतलात मां?" पलीकडून हसू आलं. "तुमीच तीन सांगितलात. आता तुमकाच चवथी खंयसून काढू?"

सुनंदानं माझ्याकडे पाहिलं. मी आवाज खाली करून विचारलं, "उदय?"

"गोंयातच. शनवारी येता, सोमवारी जाता. फुल्यो तशोच आसत. पावस पडलो की धुवान जातल्यो."

"आणि पाणी?"

"गोडा आसा."

मागे मोटरचा आवाज येत होता. मग तो बंद झाला. परडी भरली असावी. त्याच वेळी आमच्या नळानं घरघर केली, धार बारीक झाली, आणि सुनंदा ओरडली, "अहो, फोन ठेवा, प्रेशर गेलं, मोटर लावा!"

मी पळालो.